ठराव क्रमांक चार

दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली रिकामी झाली.
शिवणवर्गाची मशिनं तळमजल्यावर गेली,
मागे राहिल्या फरशीच्या फटींतल्या टाचण्या
आणि संध्याकाळचे पाच ते सहा.
त्या एका तासासाठी कौशाच्या शाळेत
ट्रस्टची सभा भरली.

मी इथली कारकून. इतिवृत्त लिहिते, मराठीत.
धर्मादायच्या कचेरीत दुसरं काही चालत नाही.

हाफिज जुनैद म्हणाले,
ज्या भाषेत रोज पाच वेळा हात बांधून उभे राहतो
तिचा अर्थ आपल्याला विचारावा लागतो,
याची शरम नाही वाटत कुणाला?
तौफिक रईस म्हणाले,
मुलगी ऐरोलीला मुलाखतीला जाते, काचेच्या इमारतीत,
पहिल्याच प्रश्नाला तिचे ओठ शिवले जातात.
शरम मला त्याची वाटते.
इंग्रजी ठेवा. जमलं तर जर्मनही,
नर्सा हव्यात त्यांना तिकडे.

मी लिहिलं: चर्चा झाली.

मग ती चढत गेली.
साहेबाची भाषा शिकून साहेबाचे नोकर झालो, एकजण.
आणि अरबी शिकून? शेखचे, दुसरा.
कुणी बगदाद काढलं,
ग्रीक पोथ्या अरबीत आणल्या त्यांनी आधी ग्रीक शिकली असेल ना,
कुणी म्हणालं, असेल, पण घर अरबीत ठेवून.
उर्दूत सुरू झालेलं भांडण
तापलं तसं घरच्या बोलीत उतरलं:
ए, गप ऱ्हे, मना बोलू दे आधी!
हे मी लिहिलं नाही.
इतिवृत्तात बोली बसत नाही.

अब्बा अठरा वर्षं दम्मामला होते.
पहाटे कुराण वाचायचे, एक हर्फ इकडचा तिकडे नाही.
पण करारनामा आला त्यात अक्षरं तीच,
जेर नाही, जबर नाही, पेश नाही,
कपडे काढून नेल्यावर दोरी उरते
तशा नुसत्या ओळी.
अब्बा बघत राहिले.
शेजारच्या रकान्यात इंग्रजी होतं.
तेही बघत राहिले.
मग दोन रकान्यांच्या मध्ये
जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं तिथे बोट ठेवून म्हणाले,
इथे सही का?
पगार दोन्ही भाषांत कमी लिहिला होता.
सातव्या महिन्यात कळलं.

हे सभेत सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर अब्बांचा एक हात हाफिजसाहेबांनी धरला असता,
एक तौफिकसाहेबांनी.

तेवढ्यात सफूरा बुबेरे दारात आली, बारावी आर्ट्स,
प्रयोगशाळेची किल्ली परत द्यायला.
अध्यक्ष लाडात आले. तूच सांग बेटी, कोणती ठेवू?
ती म्हणाली, त्या खोलीतला पंखा चालतो का?
सगळे हसले.
ती नाही हसली.
म्हणाली, अरबीत चुकले तर गुनाह म्हणतात,
इंग्रजीत चुकले तर दात काढतात.
जिथे चुकू देतील ती ठेवा, सर.
मी दोन्हीला येईन.

बायपासवरून एक ट्रेलर गेला, खिडक्यांची तावदानं थरथरली.
हाफिजसाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली.
तौफिकसाहेब मोबाईलमध्ये काहीतरी शोधू लागले.
विषय पुढील सभेत घ्यावा, असं ठरलं.
खोली तूर्त बंद.

सगळे उठेपर्यंत मी तिचं वाक्य लिहून काढलं,
ठराव क्रमांक चारच्या खाली, जसंच्या तसं,
काना, मात्रा, वेलांटी, काही न गाळता.
पंख्याचंही लिहिलं.

रजिस्टर हातोहात फिरलं.
बारीक अक्षर, त्यात मराठी, त्यात मगरिबची वेळ होत आलेली,
कुणी वाचलं नाही.
अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं,
ओळींवरून बोट खाली खाली आणलं,
कोऱ्या जागेवर थांबवलं
आणि मला विचारलं,
इथे सही का?